शाळेत नर्स व्हायचंय, पण त्याआधी कुठल्या वॉर्डातून यायचं?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सहा वर्षं मोठ्या माणसांच्या आयसीयूत काम केलंय. बालरुग्ण विभागाचा अनुभव शून्य. आता शाळेत नर्स म्हणून जायचा विचार आहे. आधी एक-दोन वर्षं मुलांच्या वॉर्डात काढावीत का? शाळेत येणाऱ्या नर्स मुळात येतात तरी कुठून?"

आधी सरळ उत्तर देते. आयसीयूतून शाळेत जाता येतं. मुलांच्या वॉर्डात सहा महिने मिळत असतील तर जरूर घ्या, पण मिळाले नाहीत म्हणून दोन वर्षं थांबून राहू नका. तुम्हाला मुलांचा अनुभव नाही याची मला फारशी काळजी वाटत नाही. मला वेगळंच विचारायचंय. समोर मॉनिटर नाही, डॉक्टर फोनच्या पलीकडे आहे, ड्युटी संपताना ओव्हर घ्यायला, म्हणजे पेशंटचा ताबा घ्यायला, दुसरी सिस्टर येणार नाही, अशा खोलीत बसून एकटीने ठरवायची तुम्हाला सवय किती आहे?

मी १७ वर्षं शाळेत आहे. त्याआधीची आठ वर्षं हॉस्पिटलात गेली, थोडी सर्जिकल वॉर्डात आणि बरीचशी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. शाळेत रुजू होताना मनात एकच विचार होता, की सुटले बाई नाइटमधून. पहिल्याच आठवड्यात माझं विमान जमिनीवर आलं. खेळताना एक मुलगा पडला, कोपराजवळ चांगलीच जखम. मी ती धुतली, दाब देऊन रक्त थांबवलं, बोटं हलतात का, बोटांना मुंग्या येतात का, नाडी लागते का, सगळं पाहिलं. धनुर्वाताच्या लसीची नोंद काढली. पट्टी बांधून पोराला वर्गात पाठवलं आणि स्वतःवरच खूश झाले. संध्याकाळी त्याची आई शाळेत आली. तिला ही बातमी शेजारच्या मुलाकडून कळली होती. "पट्टी छान बांधलीय सिस्टर, पण मला फोन करायला एक मिनिट नव्हतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅज्युअल्टीत नातेवाईक दारातच उभे असतात, कधी कधी तर अंगावरच येतात. त्यांना शोधून कळवावं लागतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तेव्हापासून माझ्या रजिस्टरला एक जादा रकाना आहे: घरी कोणाला कळवलं, किती वाजता.

हे एवढ्यासाठी सांगितलं की प्रत्येक विभाग नर्सला काहीतरी देतो आणि त्याबरोबर एखादी अशी सवयही लावतो जी शाळेत आड येते. मुलाखतीत सगळे पहिलं सांगतात. दुसरं स्वतःला आधीच माहीत असलं तर पहिलं वर्ष बरं जातं.

आता मुळात शाळेत नर्स कशाला ठेवतात, ते बघा. न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर मुलांची तपासणी करायचे. उवा, खरूज, गजकर्ण, डोळ्यांत खुपऱ्या, काहीही दिसलं की चिठ्ठी हातात द्यायची आणि मूल घरी. घरी इलाज करणारं कोणी नसायचं, चिठ्ठी वाचता येणारंही कित्येकदा नसायचं. पोरं आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. तेव्हा लिलियन वॉल्ड या नर्सने गरीब वस्तीत चालवलेल्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेतली लीना रॉजर्स ही नर्स ऑक्टोबर १९०२ मध्ये एका महिन्याच्या प्रयोगासाठी शाळांत गेली. शाळा चार आणि मुलं सुमारे १०,०००. ती मलम-पट्टी शाळेतच करायची आणि मग घरी जाऊन आईला पुढचं करून दाखवायची. प्रयोग महिन्यापुरता थांबला नाही. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुलांना आजारासाठी बाहेर काढलं होतं. पुढच्या सप्टेंबरात तो आकडा १,१०१ वर आला. आजार तेच होते आणि औषधंही काही नवी नव्हती. फरक एवढाच पडला, की मूल वर्गात परत कसं आणायचं हे बघणारं कोणीतरी आता होतं. आजही माझं काम तेच आहे. हॉस्पिटलमधली नर्स पेशंट बरा करून घरी पाठवते. मला मूल शक्यतो घरी पाठवायचंच नसतं.

बालरुग्ण विभागातून येणाऱ्या नर्सचा पाया पक्का असतो, हे मान्यच. वयाप्रमाणे नाडी, श्वास, रक्तदाब तिच्या बोटांवर असतात. सहा वर्षांच्या पोराची नाडी ११० आली तरी ती दचकत नाही. औषध वजनावर मोजायची तिला सवय असते. "कुठे दुखतंय?" असं विचारलं की लहान मूल बेंबीवरच बोट ठेवतं, हे तिला सांगावं लागत नाही. पण वॉर्डात आई किंवा बाबा कॉटशेजारीच बसलेले असतात. रात्री किती वेळा उठला, काय खाल्लं, परवा कुठे पडला, सगळा इतिहास एका प्रश्नात मिळतो. शाळेत मूल एकटं येतं, त्याच्याबरोबर फार तर एक मैत्रीण असते आणि ती मैत्रीणच जास्त बोलते. आणखी एक. वॉर्डातलं प्रत्येक मूल आजारी असतं, हे निदान कोणीतरी आधीच केलेलं असतं. शाळेत दिवसभरात दाराशी येणारी बहुतेक मुलं ठणठणीत असतात आणि त्यातलं खरं आजारी कोणतं ते तुम्हाला हुडकायचं असतं. बालरुग्ण विभागातून नव्याने आलेल्या सिस्टर पहिले काही महिने फार मुलांना घरी पाठवतात. सवयीचा भाग आहे, जाते.

कॅज्युअल्टीवाल्यांचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा, त्रास याच्या उलट. चार मुलं एकदम आली तर आधी कोणाला बघायचं हे आम्हाला विचार न करता कळतं. मधल्या सुट्टीनंतरच्या दहा मिनिटांत याचा फार उपयोग होतो. पण आमच्या लेखी पेशंटचे दोनच शेवट असतात, ॲडमिट नाहीतर घरी. केस मिटली. शाळेत केस मिटत नाही, कारण मूल उद्या परत येतं. आणि परवा. आणि पुढच्या चार वर्षांत केव्हाही.

तिसरीतल्या एका मुलीचं सांगते. गुडघा खरचटला म्हणून आली, पट्टी लावून दिली. दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायला आली. मग पुन्हा. खपली पडून गेली, खाली गुलाबी कातडी आली, तरी हिला पट्टी हवीच. मी दोनदा "काही झालं नाहीये, पळ" म्हणून हाकललं. कॅज्युअल्टीतली नर्स हाकलणारच. रजिस्टर चाळताना एकदा लक्षात आलं, की ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येते. त्या दोन दिवशी त्या वर्गाला खेळाचा तास असायचा. पुढच्या खेपेला मी काही न बोलता पट्टी लावली आणि लावता लावता विचारलं, "आज कोणता खेळ आहे गं?" ती म्हणाली, "पट्टी असली ना, की मला टीममध्ये घेतलं नाही तरी कोणी काही बोलत नाही." दोन कॅप्टन आळीपाळीने मुलं निवडायचे आणि ही रोज शेवटी उरायची. मी पीटीच्या सरांशी बोलले. त्यांनी नंबर मोजून संघ पाडायला सुरुवात केली. पट्ट्या बंद. मोठी गोष्ट नाही ही. पण कुठल्याही वॉर्डात हे माझ्या नजरेला पडलं नसतं, कारण तिथे मंगळवार आणि शुक्रवार जोडून बघायला पेशंट तेवढे दिवस राहतच नाही.

मला कोणी विचारलं, की शाळेसाठी सगळ्यात योग्य पार्श्वभूमी कोणती, तर मी सामुदायिक आरोग्य म्हणेन. बऱ्याच जणांना हे पटत नाही, कारण हॉस्पिटलच्या उतरंडीत घरोघर फिरणारी नर्स खालच्या पायरीवर समजली जाते. पण शाळेतलं निम्मं काम तेच तर आहे. लसीकरणाच्या नोंदी, दृष्टी आणि श्रवण तपासणी, वजन-उंचीचे आलेख, एका वर्गात ताप पसरला तर तो कुठून आला याचा माग. कांजिण्या झालेलं मूल सगळ्या फोडांवर खपल्या धरल्याशिवाय वर्गात येऊ द्यायचं नाही, गोवराचं मूल पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी ठेवायचं, आणि केसांत लिखा दिसल्या म्हणून कोणालाही घरी धाडायचं नाही, हे ती झोपेत सांगेल. मुख्य म्हणजे, ऐकून न घेणाऱ्या पालकांच्या दारात उभं राहून न चिडता बोलायचं कसब तिच्याकडे असतं. ब्रिटनमध्ये तर शालेय नर्सिंग सार्वजनिक आरोग्याचीच शाखा धरली जाते. नोंदणीकृत नर्सने पुढचा विशेष अभ्यासक्रम पुरा केला, की तिथल्या नर्सिंग आणि मिडवाइफरी परिषदेच्या नोंदवहीच्या तिसऱ्या भागात तिचं नाव जातं. या वाटेने आलेल्यांना अडचण येते ती हाताची. पाच-सात वर्षांत कोसळलेलं मूल हाताळलेलं नसतं. त्यांनी रुजू होण्यापूर्वी दोन-चार आठवडे कॅज्युअल्टीत काढावेत असं मी नेहमी सांगते.

आता तुमचं आयसीयू.

तुमच्याकडे जे आहे ते शाळांना दिवसेंदिवस जास्त लागतंय. पूर्वी जी मुलं हॉस्पिटलात किंवा घरातच राहायची ती आता साध्या शाळेत, साध्या वर्गात बसतात. पोटावर गॅस्ट्रोस्टॉमी, म्हणजे थेट जठरात अन्न द्यायची नळी असलेलं मूल, ट्रॅकिओस्टॉमीतून, म्हणजे गळ्यातल्या श्वासाच्या छिद्रातून, सक्शनने कफ ओढावा लागणारं मूल, कमरेला इन्सुलिन पंप आणि दंडावर ग्लुकोज सेन्सर लावलेलं मूल, आणि ज्याचा फिटचा झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर गालात मिडाझोलम हे झटका थांबवायचं औषध द्यावं लागतं असं मूल. हे बघून बाकीच्या नर्सना घाम फुटतो. तुम्हाला फुटणार नाही. पेशंट बिघडायला लागल्याचं तुम्हाला आकड्यांच्या आधी चेहऱ्यावरून कळतं, निदान कळायला हवं.

"निदान" का म्हटलं, ते सांगते. माझ्या रजेच्या काळात बदलीवर एक सिस्टर आली होती. आयसीयूतली, हुशार, हात स्वच्छ. मी रजेवरून परतले त्या दिवशी ती मला ओव्हर देत होती, तेवढ्यात आठवीतली एक मुलगी पळून आल्यावर दम लागला म्हणून आली. दम्याची जुनी नोंद होती. सिस्टरने आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९५ टक्के. ती म्हणाली, "ठीक आहे, बस थोडा वेळ." मी पोरीकडे बघत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकलेली, गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती. मी तिला नाव आणि वर्ग विचारला. नाव सांगितलं, श्वास घेतला, मग वर्ग सांगितला. एक वाक्य सलग होत नव्हतं. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर सूं-सूं आवाजही नीट नाही, हवाच पुरती आत जात नव्हती. पंपाला स्पेसरची नळी लावून सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिलं, एकेक फवारा करत, दर फवाऱ्यामागे चार-पाच श्वास, असे दहा फवारे. दरम्यान सिस्टरने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि घरी फोन केला. मुलगी बरी झाली. नंतर सिस्टर म्हणाली, "आकडा बरा दिसला म्हणून मी बघायचंच थांबले." तिने ते प्रामाणिकपणे कबूल केलं, म्हणून मी हे तिची चूक म्हणून सांगत नाही. हा आयसीयूचा संस्कार आहे. तिथे अलार्म वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, हे सहा वर्षांत रक्तात भिनतं.

दुसरी सवय शिरेची. अंगावर गांधी उठल्यात, ओठ सुजलेत, आवाज बसलाय, उलटी झालीय, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, ॲलर्जीचा जीवघेणा झटका. आयसीयूतला हात आपोआप शिरेत घालायच्या कॅन्युलाकडे जातो. शाळेत पहिली गोष्ट ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरून. ऑटो-इंजेक्टर (आधीच डोस भरलेलं तयार इंजेक्शन) असेल तर साधारण १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅमचा, त्यावरच्या वजनाला ०.३ चा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. मुलाला उभं करायचं नाही, चालवत सिक रूमला आणायचं तर अजिबात नाही. औषध घेऊन तुम्ही पळायचं. त्यामुळे ते इंजेक्शन कुलपाच्या कपाटात ठेवायचं नसतं. हे एवढंसं वाटतं, पण मी पाहिलेल्या शाळांपैकी बऱ्याच ठिकाणी ते कुलपातच होतं आणि किल्ली असायची कुठल्या तरी चौथ्या माणसाच्या खिशात.

तिसरं, पुनरुज्जीवन. मोठ्या माणसाचं हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने बंद पडतं, मुलाचं बहुतेक वेळा श्वास आधी थांबल्यामुळे. म्हणून मुलांत श्वास देण्याला महत्त्व जास्त. एकटी असाल तर छातीवरच्या ३० दाबांना दोन श्वास, दोघी प्रशिक्षित असाल तर १५ ला दोन. मुलांच्या बेसिक लाइफ सपोर्टचा कोर्स अर्जाच्या आधी करून टाका. मुलाखतीत "मुलांचा अनुभव?" हा प्रश्न आला, की दाखवायला निदान एक कागद असतो.

आणि ऑर्डर. आयसीयूत राउंडला ऑर्डर मिळते, तासाला चार्ट भरला जातो. शाळेत ऑर्डर म्हणजे फाइलमधला कागद: या मुलाला काय झालं तर काय करायचं, औषध कोणतं, डोस किती, खाली त्याच्या डॉक्टरची आणि पालकांची सही. तो कागद नसेल तर साधी तापाची गोळीसुद्धा देता येत नाही. हा कागद मिळवणं, दरवर्षी नवा करून घेणं, आणि त्यातलं दीड पान वर्गशिक्षिकेला कळेल अशा चार ओळींत उतरवणं, यात सत्राचा पहिला महिना जातो. मधुमेही मुलाच्या बाबतीत शिक्षिकेला एवढंच ठाऊक हवं: हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, मूल अचानक चिडचिड करतं, तर साखर ७० च्या खाली असू शकते, शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम गोड लगेच, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि काही झालं तरी त्याला एकट्याला सिक रूमकडे पाठवायचं नाही. तुम्ही आयसीयूत नातेवाइकांना घरची सक्शन, घरचा फीड शिकवून डिस्चार्ज दिले असतील ना? अर्जात तेच वर लिहा. व्हेंटिलेटर खाली जाऊ दे. मुख्याध्यापकांना व्हेंटिलेटरचं काय!

मानसोपचार विभागातून शाळेत फार कमी नर्स येतात आणि ज्या येतात त्या फार चांगल्या निघतात. रोज ठरावीक तासाला पोट दुखणारी मुलं, जेवण टाळणाऱ्या मुली, कडक उन्हातही लांब बाह्या खाली ओढणारा नववीतला मुलगा. त्यांच्याशी कसं बोलायचं, मुख्य म्हणजे किती वेळ गप्प बसायचं, हे या नर्सना येतं. त्यांना एक गोष्ट मात्र लवकर शिकावी लागते. शाळेत "हे आपल्या दोघांतच राहील" असं वचन मुलाला द्यायचं नाही. कोणी मारतंय, कोणी हात लावतंय, स्वतःला इजा करतोय, यातलं काही निघालं तर पुढे सांगावंच लागतं, आणि हे मुलाने तोंड उघडण्याआधीच त्याला सांगायचं असतं.

कारखान्यातल्या ऑक्युपेशनल हेल्थमधून, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विभागातून, आलेल्याही एक-दोघी मला माहीत आहेत. त्यांना जुळवून घ्यायला सगळ्यात कमी वेळ लागला. कारण उघड आहे: बिगर-वैद्यकीय माणसांच्या इमारतीत एकटी नर्स असणं काय असतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. मधुमेह किंवा दम्याच्या क्लिनिकमधल्या नर्सचंही तसंच.

नुकतंच शिक्षण संपवून थेट शाळेत यावं का, हेही मला वारंवार विचारलं जातं. मी नको म्हणते. तुम्ही हुशार नाही म्हणून नव्हे. वॉर्डात पहिल्या दोन वर्षांत आपण शेजारच्या सीनियरला दिवसातून वीस वेळा "जरा बघता का?" असं विचारतो आणि तेच खरं शिक्षण असतं. शाळेत तो शेजारच नसतो. निदान दोन वर्षं कुठेतरी चारचौघींत काम करा, मग या.

कागदोपत्री पात्रता देशागणिक, कित्येकदा राज्यागणिक वेगळी असते. ब्रिटनचं वर सांगितलं. अमेरिकेत शालेय नर्सेसची राष्ट्रीय संघटना नोंदणीकृत आणि बॅचलर पदवी असलेली नर्स असावी अशी शिफारस करते, शिवाय तिथे शालेय नर्सिंगची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाही आहे. तुमच्या भागात काय लागतं ते तिथल्या नर्सिंग परिषदेकडून लेखी घ्या, शाळेच्या ऑफिसच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मुलांच्या संख्येबद्दलही एक आकडा ऐकाल: ७५० निरोगी मुलांमागे एक नर्स. त्याच संघटनेने पुढे सांगितलं, की एकच प्रमाण सगळ्या शाळांना लावता येत नाही, मुलांच्या गरजा बघून ठरवावं. ते बरोबरच आहे. ९०० धडधाकट मुलं परवडली, पण ३०० मुलांत सात मधुमेही, दोन झटक्यांची आणि एक ट्रॅकिओस्टॉमीचं असलं तर दिवस पुरत नाही.

म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा. मुलं किती, इमारती किती, आणि त्यांपैकी कायम औषधावर किती? मी रजेवर असताना औषध कोण देणार? माझी वरिष्ठ कोण, तिला वैद्यकीय काही कळतं का? सल्ल्याला कोणता डॉक्टर बांधलेला आहे? सुट्ट्यांचा पगार मिळतो की करार फक्त सत्रापुरता? या शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. शाळेचा पगार बहुधा हॉस्पिटलपेक्षा कमी असतो, नाइट अलाउन्स तर जातोच, आणि वर सुट्टीचे महिने बिनपगारी निघाले तर वर्षाचं गणित पार कोसळतं. जमलं तर सिक रूम बघायला मागा. तिला खिडकी आहे का, शेजारी संडास आहे का, आणि आडवं पडलेलं मूल दारातून दिसणार नाही आणि फोनवर बोलता येईल असा कोपरा आहे का. एका शाळेत मला अभिमानाने दाखवलेली "मेडिकल रूम" म्हणजे जिन्याखालची, झेरॉक्स मशीनच्या शेजारची जागा होती. तिथे मी गेले नाही.

"नाइट नको, मुलं लहान आहेत, शाळेच्या वेळा बऱ्या" हे कारण घेऊन निम्म्याहून अधिक जणी येतात. मीही आले. त्यात वाईट काही नाही, पण तेवढंच कारण असेल तर दुसऱ्या वर्षी कंटाळा येतो, कारण रिकाम्या वेळात कोणी काम सांगत नाही, ते स्वतःच काढावं लागतं. तुम्हाला शोधून काम काढायला आवडतं की नाही, हे राजीनाम्याआधी तपासायचा स्वस्त उपाय आहे. मुलांच्या शिबिराला नर्स म्हणून जा, किंवा एखाद्या शाळेत रजेवरच्या नर्सच्या जागी आठ-दहा दिवस काम करा. तेही जमलं नाही, तर ओळखीच्या शालेय नर्सबरोबर तीन दिवस नुसतं बसा. हॉस्पिटलातच असाल तोवर इन्चार्जला सांगून मुलांच्या वॉर्डात किंवा मुलांच्या ओपीडीत जादा ड्युट्या मागून घ्या. ओपीडी तर वॉर्डाहून बरी, तिथे चालती-बोलती मुलं येतात.

परतीची वाट बंद होते का, तर तशी होत नाही, पण हात गंजतात. तिसऱ्या वर्षी मला स्वतःला कॅन्युला घालायला दोन प्रयत्न लागले. माझ्या माहितीतल्या काही जणी सुट्टीत हॉस्पिटलात ड्युट्या करतात. नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे तास मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका.

निवड झाली तर शाळेकडे एक गोष्ट मागून घ्या: मुलं येण्याच्या आधी एक आठवडा, पगारी. त्या आठवड्यात फाइली वाचायच्या. सगळ्या वाचून होणार नाहीत. ॲलर्जीच्या आधी काढा, मग झटक्यांच्या, मग मधुमेह आणि दमा. बाकीच्या पहिल्या महिन्यात हळूहळू. आणि ॲड्रेनलिन कुठे ठेवलंय ते त्याच दिवशी बघून घ्या, बाटलीवरच्या मुदतीच्या तारखेसकट.